रत्नागिरी, तवसाळ, हेदवी: मोटारसायकलवरून दोघांची एक दिवसाची फेरी

आपण विचारले आहे ते असे: कोल्हापूरहून येऊन रत्नागिरीत मुक्काम आहे, ३५० सीसीची मोटारसायकल आहे, मोकळा दिवस एकच आहे, तर महामार्ग टाळून, समुद्राच्या कडेकडेने दापोली-हर्णैपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतता येईल का, आणि मागे बसणाऱ्या वहिनींची कंबर तासाभरात दुखू लागते त्यावर काय उपाय करावा. या किनाऱ्यावर दुचाकीस्वारांना सोबत घेऊन फिरण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवावे, म्हणजे पहिल्याचे आपोआप ठरते. दोघांच्या सफरीत दिवसाची लांबी मागच्या आसनावरच्या माणसाने ठरवायची असते. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते आणि पुढचा खड्डा त्याला आधी दिसतो, त्यामुळे त्याचे शरीर धक्क्याला तयार असते. मागच्याला तो धक्का न कळवता बसतो. म्हणून चालवणारा ताजातवाना असतानाच मागचा माणूस थकलेला असतो, आणि बहुतेक बेत फसतात ते इथेच.

हर्णैचा विचार या वेळी सोडून द्यावा. नकाशावर अंतर फारसे वाटत नाही, परंतु कोकणातला किनारी रस्ता किलोमीटरवर मोजण्यात अर्थ नसतो; तो खाड्यांवर आणि चढउतारांवर मोजावा लागतो. रत्नागिरी आणि हर्णै यांच्यामध्ये शास्त्री नदीची जयगड खाडी आणि वाशिष्ठीची दाभोळ खाडी अशा दोन मोठ्या खाड्या आहेत. दोन्ही ठिकाणी वाहने नेणारी फेरीबोट आहे, पण जाता-येता मिळून चार वेळा पाणी ओलांडावे लागेल आणि प्रत्येक धक्क्यावर बोटीची वाट पाहावी लागेल. त्याशिवाय प्रत्येक गाव समुद्रसपाटीवर आणि दोन गावांच्या मधला रस्ता वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, अशी इथल्या भूमीची ठेवण आहे. वाडीतून निघायचे, वळणे घेत सड्यावर चढायचे, कातळावरून थोडे सरळ जायचे आणि पुन्हा पुढच्या खाडीपाशी उतरायचे, असे दिवसभर चालते. अशा रस्त्यावर दोघांना घेऊन तासाला पंचवीस-तीस किलोमीटर सरासरी पडली तरी ती चांगली म्हणावी. हर्णैला जायचे असेल तर दापोलीत किंवा आंजर्ल्याला मुक्काम धरून वेगळे दोन दिवस काढावेत.

एका दिवसासाठी मी सुचवतो ती फेरी अशी: रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे हेदवी, आणि परतीला आबलोलीवरून भातगावच्या पुलाने शास्त्री नदी ओलांडून राई, जाकादेवी, निवळी, हातखंबा, रत्नागिरी. हे सारे अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. एकच खाडी जाताना बोटीने आणि येताना पुलाने ओलांडायची असल्यामुळे एकही टप्पा दोनदा करावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे बोटीचे एकच तिकीट दिवसाच्या पूर्वार्धात निकालात निघते.

ही फेरी उलट दिशेने करू नये, असा माझा आग्रह आहे आणि त्याला तीन कारणे आहेत. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणजे आपल्या आणि पाण्याच्या मध्ये समोरून येणारी रांग नसते आणि थांबावेसे वाटले तर रस्ता न ओलांडता गाडी कडेला घेता येते. वळणावळणाच्या, अरुंद, कड्यावरच्या रस्त्यावर ही सोय फार मोलाची आहे. दुसरे कारण उजेडाचे. सकाळी सूर्य पाठीमागच्या डोंगरावरून येतो आणि त्याचा प्रकाश आपल्या नजरेच्या दिशेनेच समुद्रावर पडतो, त्यामुळे पाण्याचा निळा-हिरवा रंग, फेसाच्या रेघा, दूरच्या होड्या हे सारे स्वच्छ दिसते. दुपारनंतर तोच समुद्र डोळ्यांवर चमकतो आणि रंग हरवतात. म्हणून किनारा सकाळी पाहावा आणि दुपारनंतर आतल्या रस्त्याने, झाडीतून आणि सड्यावरून परतावे. तिसरे कारण असे की मावळतीच्या वेळी पश्चिमेकडे तोंड करून चालवणे धोक्याचे असते. भातगावहून परतताना बहुतेक वाट दक्षिणेला आणि पूर्वेला जाते, त्यामुळे सूर्य बाजूला किंवा पाठीला राहतो; हातखंब्यापासून रत्नागिरीपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा पश्चिमेकडे जातो.

आता दिवस कोणता निवडावा याविषयी. हेदवीच्या समुद्रकाठी उमामहेश्वराच्या मंदिराजवळ बामणघळ आहे. कातळात पडलेली ही अरुंद, खोल भेग आहे. भरतीच्या लाटा तिच्यात कोंडल्या की पाणी मोठा आवाज करीत उंच उसळते. ओहोटीला तिथे गेल्यास केवळ खडकातली चीर दिसते आणि एवढ्या लांब कशासाठी आलो असे वाटते. तेव्हा भरतीची वेळ आधी काढावी. किनाऱ्यावरचे लोक ती तिथीवरून काढतात: तिथीचा अंक पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. आपण सकाळी उजाडता निघाल्यास हेदवीला बाराच्या सुमारास पोहोचता, म्हणून चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस या फेरीला उत्तम. याच दिवसांत उधाणाची भरती असते, त्यामुळे पाणीही अधिक जोराने उसळते. अर्थात हा हिशोब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा आणि भरतीच्या छापील वेळापत्रकाशी पडताळून पाहावा. घळीच्या तोंडाशी ओल्या खडकावर कधीही उभे राहू नये. एखादी मोठी लाट अनेक लहान लाटांनंतर अचानक येते, आणि शेवाळलेल्या कातळावर बुटांचाही पाय टिकत नाही.

तिथी बघताना आणखी एक गोष्ट पाहावी. संकष्टीला, आणि विशेषतः अंगारकीला, गणपतीपुळ्यात प्रचंड गर्दी असते; त्या दिवशी रस्ते, वाहनतळ आणि न्याहारीची ठिकाणे सगळीच तुंबतात. शनिवार-रविवारही टाळता आला तर टाळावा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पावणेसातला गाडी सुरू झाली पाहिजे. शिरगाव, साखरतर ओलांडून आरे गाठेपर्यंत रस्ता गावागावांतून जातो. कुत्री, शाळेला निघालेली मुले आणि मासे नेणारे टेम्पो यांच्यामुळे इथे वेग ठेवू नये. माशांच्या टेम्पोतून रस्त्यावर पाणी सांडत जाते, ते तेलकट असते आणि वळणावर चाक सरकवण्यास पुरेसे असते; पुढे असा टेम्पो असेल तर त्याच्या ओल्या रेघेवरून चाक नेऊ नये. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांच्या, मधल्या डोंगराच्या कड्यावर रस्ता चढतो आणि तिथून दोन्ही बाजूंचे किनारे एकाच वेळी दिसतात. या सबंध फेरीतले सर्वांत देखणे ठिकाण हेच, असे मी मानतो, आणि इथे घाई करू नये. गाडी वळणावर लावू नये, थोडे पुढे जाऊन सपाट जागा बघून लावावी. मोटारीतून येणाऱ्यांना इथे दृश्य मिळते. दुचाकीवरून येणाऱ्यांना वाऱ्यातला खारटपणा, सुरूच्या बनातून जाताना बदलणारी हवा आणि माघ महिन्याच्या आगेमागे आंब्याच्या मोहोराचा वास हेही मिळते. त्यासाठी इथे इंजिन बंद करून पंधरा मिनिटे बसावे.

नेवरे, भंडारपुळे मार्गे गणपतीपुळे रत्नागिरीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. तिथे आठ-सव्वाआठपर्यंत पोहोचावे. देवदर्शन आणि न्याहारी यांत तास जातो आणि तो जाऊ द्यावा, कारण वहिनींच्या कंबरेला मिळणारी ही पहिली मोठी विश्रांती आहे. टेकडीभोवतीची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे. गाडीवर बसून आखडलेल्या पायांना त्याहून चांगला व्यायाम नाही. इथला समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा आहे, अनेक जण बुडाले आहेत. पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. लगतच मालगुंड आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत (१८६६–१९०५) यांचे हे जन्मगाव. त्यांचे घर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले स्मारक पाहण्यास अर्धा तास पुरतो.

मालगुंडहून वरवड्याची खाडी ओलांडून जयगडपर्यंतचा रस्ता एकंदरीत शांत आहे. जयगडाजवळ औष्णिक वीज केंद्र आणि बंदर असल्यामुळे निवळीकडून येणारा रस्ता जिथे मिळतो तिथून पुढे अवजड वाहने लागतात. ट्रकच्या मागे धुळीत राहण्यापेक्षा कडेला दोन मिनिटे थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे. जयगडचा किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर आहे; खंदक, भक्कम तटबंदी आणि बुरुजावरून दिसणारा खाडीचा देखावा यासाठी पाऊण तास राखून ठेवावा. ऊन चढण्याच्या आत हे झालेले बरे.

फेरीबोटीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवख्या जोडप्यांच्या गाड्या पडतात त्या बहुधा इथेच. धक्क्याचा उतार ओला असतो, त्यावर बारीक वाळू आणि शेवाळ असते, आणि बोटीचा लोखंडी फळा पाण्याने गुळगुळीत झालेला असतो. म्हणून धक्क्यावर येताच वहिनींनी उतरावे आणि चालत बोटीवर जावे. आपण पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट धरून, हँडल सरळ ठेवून, पुढचा ब्रेक न दाबता फळ्यावरून जावे; फळ्यावर असताना वळू नये. बोटीवर कर्मचारी दाखवतील तिथे गाडी लावावी, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडल कुलूपबंद करावे आणि शक्य तर गाडीपाशीच उभे राहावे. पलीकडचा धक्का फार दूर नाही. पाणी ओलांडण्यापेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ जातो. बोटीच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी.

तवसाळला उतरल्यावर गर्दी एकदम मागे पडते. इथून हेदवीपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, वाहने क्वचितच दिसतात, आणि त्यामुळेच चालवणारे बेसावध होतात. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, आपली बाजू सोडू नये आणि समोरून एस.टी. आली तर थांबून तिला वाट द्यावी. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने जागा द्यायची हा घाटातला नियम इथल्या लहान चढणींनाही लागू आहे. जांभ्याची बारीक खडी वळणांच्या आतल्या कडेला साठते, तेव्हा वळण नेहमीपेक्षा थोडे रुंद आणि हळू घ्यावे. हेदवीत आधी बामणघळ पाहावी, मग दशभुज लक्ष्मीगणेशाचे दर्शन घ्यावे, आणि नंतर जेवावे. या भागात घरगुती जेवण चांगले मिळते, पण ऐनवेळी गेल्यास स्वयंपाक तयार नसतो. सकाळी न्याहारीच्या वेळी फोन करून दोघांचे जेवण सांगून ठेवावे. रोख पैसे जवळ असावेत, कारण मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. वेळणेश्वर जवळ आहे आणि तिथली पुळण सुंदर आहे, तरीही एका दिवसात दोन्ही करू नयेत. जेवणानंतर सावलीत तासभर पडावे. तेवढ्यानेच परतीचा प्रवास सुखाचा होतो.

सव्वादोनच्या सुमारास आबलोलीकडे निघावे. हा भाग आंबा-काजूच्या बागांचा आणि उघड्या सड्यांचा आहे. भातगावच्या पुलावरून सकाळी बोटीने ओलांडलेलीच नदी आत कशी दिसते ते पाहता येते: दोन्ही काठांना दाट झाडी, पाणी संथ, वर्दळ नगण्य. पुढे जाकादेवीजवळ देऊड-चवे परिसरात सड्यावरची कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या अशा शिल्पस्थानांपैकी उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू इत्यादींचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. कातळावरच्या उथळ रेषा डोक्यावरच्या उन्हात दिसत नाहीत, तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून चार वाजता तिथे असणे फायद्याचे आहे. शिल्पांवर पाय देऊ नये, रेषांत पाणी किंवा खडू भरू नये, आणि वाट गावात विचारून घ्यावी.

जाकादेवीला वहिनींना विचारावे. दमल्या असतील तर सरळ निवळी-हातखंब्यावरून उजेडात रत्नागिरी गाठावी. उत्साह असेल तर चाफे गावावरून गणपतीपुळ्याकडे वळून सूर्यास्ताला आरे-वारेच्या कड्यावर यावे. दुसऱ्या पर्यायात शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर अंधारात, आणि आधीचाच रस्ता उलट दिशेने होतो. माझी पसंती पहिल्या पर्यायाला आहे.

आता कंबरेचे. कारण बहुधा तीनांपैकी एक असते: पायटे (पाय ठेवायचे दांडे) उंच असल्यामुळे गुडघे वर येणे, पाठीला आधार नसणे, किंवा प्रत्येक ब्रेकला पुढे सरकून पुन्हा मागे बसण्याचा ताण. निघण्याच्या आठवडाभर आधी अर्ध्या तासाची एक फेरी मारून यांपैकी नेमके काय होते ते पाहावे. पाठीमागे टेकायला आधार बसवून घेतल्यास बराच फरक पडतो. मागच्या स्प्रिंगचा ताण दोघांच्या वजनाला साजेसा वाढवावा आणि मागच्या चाकात उत्पादकाने दोघांसाठी सांगितलेली हवा भरावी. हे दोन बदल दहा मिनिटांचे आहेत आणि बहुतेक जण करीत नाहीत. मागे वजन आल्याने पुढचा दिवा वर रोखला जातो, तोही खाली करून घ्यावा. एका अंगाला पाय सोडून बसणे या रस्त्यांवर अजिबात नको. दोन्ही बाजूंना पाय, अंगाबरोबरचे कपडे, मोकळी ओढणी किंवा पदर नाही. ओढणी चाकात किंवा साखळीत अडकून झालेले अपघात जीवघेणे असतात. हेल्मेट दोघांनाही आयएसआय चिन्हाचेच, पट्टा लावलेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागच्यालाही ते बंधनकारक आहे.

दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उतरावे, दुखू लागण्याची वाट पाहू नये. वाऱ्यात बोलणे ऐकू येत नाही म्हणून खुणा ठरवून घ्याव्यात: उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. आपण खड्डा किंवा गतिरोधक पाहिला की डावा हात किंचित खाली करून दाखवावा, म्हणजे मागच्याला पायट्यांवर जोर देऊन अंग हलके करता येते. वळणावर मागच्याने गाडीबरोबरच झुकावे. नकाशा, वेळ आणि पाण्याची बाटली वहिनींकडे असावी. वाट त्यांनी सांगावी. त्यांना दुचाकी चालवता येत असेल तर आबलोली ते भातगाव हा मोकळा टप्पा त्यांच्या हाती द्यावा, दोघांचेही शरीर बदलाने सुखावते.

उतारावर दोघांचे वजन असताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. ज्या गिअरमध्ये चढला असता त्यातच उतरावे आणि ब्रेक थोडा थोडा, दोन्ही एकत्र वापरावेत. टाकी रत्नागिरीतच भरून निघावे. मोटारसायकल पुळणीवर नेऊ नये. चाक रुतते आणि खाऱ्या वाळूने साखळी खराब होते. परतल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुऊन साखळीला तेल द्यावे.

ऋतू ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच धरावा. ऑगस्ट-सप्टेंबरात सडे फुलांनी भरतात हे खरे, पण त्या वेळी रस्त्यांवर शेवाळ असते आणि मागे कंबर दुखणारी व्यक्ती असताना ती जोखीम मी सुचवणार नाही. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या वाहनांची गर्दी असते. शिमग्यात वाटेवर गावाची पालखी भेटली तर इंजिन बंद करून उतरावे आणि पालखी पुढे जाईपर्यंत थांबावे.

जयगडला पोहोचल्यावर फेरीबोट बंद असल्याचे कळले, तर तिथे ताटकळू नये. चाफ्यापर्यंत मागे येऊन राईच्या रस्त्याने भातगावचा पूल ओलांडावा आणि आबलोलीवरून हेदवी गाठावी. भरतीची वेळ बहुधा हुकेल. मग आधी जेवून घ्यावे, कातळशिल्पे वगळावीत आणि आलेल्याच वाटेने अडीचच्या आत परत निघावे.